दिग्व्रत आणि मोटरसायकल

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत येतं. दहा दिशांना आपण कुठवर जाणार, याची हद्द आपणच ठरवायची आणि आयुष्यभर पाळायची. हद्दीच्या खुणा सगळ्यांना ठाऊक असलेल्या घ्याव्यात, असं शास्त्र सांगतं: समुद्र, नदी, अरण्य, डोंगर. माझ्या सासूबाईंनी साठी उलटल्यावर हे व्रत घेतलं, तेव्हा दक्षिणेला नर्मदा धरली. आम्हा भोपाळकरांना ती जवळच. पण सासूबाईंचं माहेर कोल्हापूरकडचं, कुंभोजजवळचं. नर्मदा ओलांडायची नाही म्हणजे बाहुबलीच्या डोंगराचं दर्शन पुन्हा नाही. हे पुरतं समजूनच त्यांनी नियम घेतला.

आता त्यांची नात, म्हणजे माझी लेक, म्हणते, "मम्मी, आपण दोघी कुंभोजला जाऊ. मोटरसायकलवर. सह्याद्रीतून."

लेक सव्वीस वर्षांची. साडेतीनशे सीसीची गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतलीय. ती चालवणार, मी मागे बसणार. घरात पहिला प्रश्न ह्यांचा, "रेल्वे बंद पडलीय का?" सासूबाईंनी मात्र नेमकं बोट ठेवलं. "ती जयपूरची बाई आठवते ना?" वीनू पालीवाल. हार्लेवर देशभर फिरणारी. एप्रिल २०१६ मध्ये सागरहून भोपाळकडे येताना विदिशा जिल्ह्यात ग्यारसपूरजवळ तिची गाडी घसरली आणि ती गेली. आमच्या दारापासून दोन-अडीच तासांवर. लेकीनं लगेच पुण्याच्या रमिला लटपटेंचं नाव काढलं. २०२३ मध्ये त्या नऊवारी नेसून मोटरसायकलनं जगप्रवासाला निघाल्या होत्या. मी म्हटलं, तू एक नाव सांगशील, आजी दुसरं सांगेल, असं किती दिवस चालणार? त्यापेक्षा वही घे. एकेक गोष्ट लिहून काढू.

पहिलं पान, कधी निघायचं. लेकीच्या मित्रमैत्रिणींचं एकच म्हणणं, सह्याद्री पाहावा तर पावसात. खरंच असेल ते. पण चातुर्मासात आपले साधू एका जागी का थांबतात? वाटेत पायाखाली जीव फार, म्हणून. पावसाळ्यात घाटातल्या रस्त्यावर खेकडे येतात, बेडूक येतात, आणि ते चाकाला चुकवता येत नाहीत. शिवाय दरडी आहेत. २०१४ चं माळीण आणि २०२१ चं तळीये, दोन्ही गावं जुलैतच गाडली गेली. वरंध घाट तर पावसाळ्यात वाहतुकीला बंद करावा लागतो. म्हणून ठरलं, वीरनिर्वाणाचा लाडू चढवून झाल्यावर, कार्तिकात. धबधबे आटलेले असतील, त्याला इलाज नाही. पण पिवळं गवत असेल, हवा स्वच्छ असेल आणि डोंगरामागचे डोंगर दिसतील.

दुसरं पान, रोज किती. इथले जैन सूर्यास्ताआधीच्या जेवणाला 'अंथऊ' म्हणतात. ते आमच्या घरी चुकत नाही. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो, म्हणजे पाचला मुक्कामी पोचायलाच हवं. त्यावरून हिशोब मांडला. मोठ्या रस्त्यानं अडीचशे किलोमीटर, घाटात फार तर दीडशे. लेक कुरकुरली, पण कबूलही तिनंच केलं की अंधार पडला की किडे दिव्यावर झेपावतात आणि हेल्मेटच्या काचेवर येऊन मरतात. ताटाचा नियम गाडीच्या दिव्यालाही लागू पडला.

तिसरं पान वाटेचं. पहिला मुक्काम इंदूर, नातेवाइकांकडे. दुसऱ्या दिवशी मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, पुढे सेंधवा. मग बिजासनचा घाट उतरून पळासनेरला महाराष्ट्रात शिरायचं आणि धुळे गाठायचं. त्या उतारावर अवजड ट्रकांपासून लांब राहायचं, हे लेकीनं लाल शाईनं लिहिलंय. तिथून मांगीतुंगी, एकशे आठ फुटी ऋषभदेवांचं दर्शन. मग नाशिकजवळचं गजपंथा. पुढे आळेफाट्यावरून माळशेज घाट पाहून जुन्नर. पुणे मागे टाकलं की भोर, वरंध घाट सुरू आहे का याची चौकशी करून महाड, आणि आंबेनळीनं चढून महाबळेश्वर. मग सातारा, कराड, कुंभोज. शक्य तिथं मुक्काम क्षेत्रावरच्या धर्मशाळेत. तिथं गाळलेलं पाणी आणि शुद्ध जेवण मिळतं, आणि दोघी बायकाच आल्यात म्हणून कुणी डोळे मोठे करत नाही.

चौथं पान अंगावरच्या कपड्यांचं. बाजारात गेलो तर जाकीट, हातमोजे, बूट, जिथं तिथं चामडं. आम्ही जाळीच्या कापडाचं जाकीट आणि रेक्झिनचे बूट शोधून काढले. माझी ओढणी बाद. मागच्या चाकात ओढणी अडकली तर काय होतं, ते सांगायला नको. हेल्मेट दोघींना, आणि पट्टा आवळलेला.

मैत्रिणींनो, ही वही लिहिताना मला दिग्व्रताचा अर्थ नव्यानं कळला. बाईच्या जाण्यायेण्याला हद्दी नेहमीच होत्या. उंबरा, गल्ली, दिवेलागण. त्या कुणीतरी आखून दिलेल्या. व्रताची हद्द तशी नव्हे. ती ज्याची त्यानं विचार करून आखायची असते, म्हणून तर तिला व्रत म्हणतात. सासूबाईंची नर्मदा त्यांची स्वतःची आहे. आमच्या पाच वाजण्याला आणि दीडशे किलोमीटरला मी तोच मान देते.

आचार्यश्री विद्यासागर महाराजांचा २०१६ चा चातुर्मास भोपाळला, हबीबगंजच्या मंदिरात झाला. त्यांचं जन्मगाव सदलगा, सासूबाईंच्या माहेरच्याच मुलखातलं. "तिकडून निघालेले पाय इथवर चालत आले," असं सासूबाई तेव्हा आल्यागेल्याला सांगायच्या. परवा त्यांनी आमची वही मागितली. चष्मा लावून चारही पानं वाचली.

"हे नियम कुणी घातले?"

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं.

"मग पाळा."

ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. ट्रेनचं वेळापत्रक दर दोन दिवसांनी काढून बसतात. सासूबाईंनी मात्र वहीत एक ओळ वाढवायला सांगितली, ती लेकीनं त्यांच्यासमोरच लिहिली: 'खलघाटच्या पुलावर गाडी उभी करायची नाही, ट्रक असतात. पलीकडे उतरून, बाजूला थांबून आजीला फोन करायचा.'