उत्तराची किंमत आणि उत्तराचें रूप

बीजगणिताच्या वह्या परत देतांना आम्हांस एक तक्रार वारंवार ऐकावी लागते : "सर, उत्तर बरोबर असून गुण कां कापले?" ही तक्रार उडवून देण्याजोगी नाहीं. शिवाय हें तपासण्याचें काम आतां संगणकाकडेहि जाऊं लागलें आहे. म्हणून तिचा येथें विचार करूं.

(क्ष² + ५क्ष + ६) / (क्ष² − ९) यास अतिसंक्षिप्त रूप द्यावयाचें आहे. एकानें (क्ष + २) / (क्ष − ३) लिहिलें. दुसऱ्यानें १ + ५ / (क्ष − ३) लिहिलें. तिसऱ्यानें अवयव पाडले, पण (क्ष + ३) हा साधारण अवयव अंशांत व छेदांत तसाच ठेविला. क्षच्या जागीं ४ घाला. तिघांचीहि किंमत ६ च येते. चौथ्यानें वरखालचे क्ष² खोडून (५क्ष + ६) / (−९) लिहिलें. त्याची किंमत मात्र −२६/९ येते. केवळ किंमत पाहणारा परीक्षक चौथ्यास पकडील. पहिल्या तिघांतील भेद त्यास दिसणार नाहीं.

उलट, पुस्तकांतील उत्तराशीं अक्षरन् अक्षर जुळविणारा परीक्षक (−क्ष − २) / (३ − क्ष) यासहि चूक ठरवील. हा अन्याय होय. कारण एकच अपूर्णांक असून अंश व छेद यांत साधारण अवयव उरलेला नाहीं.

ख्रिस सँगविन यांनीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठांत २००४ सालीं सुरू केलेल्या 'स्टॅक' प्रणालींत हे दोन प्रश्न वेगळे विचारतां येतात : उत्तर समान आहे काय, आणि तें मागितलेल्या रूपांत आहे काय? मौज अशी कीं, तिच्या पोटांतील 'मॅक्सिमा' या गणितयंत्रास २/४ दिसतांच १/२ करण्याची संवय आहे. रूप तपासावयाचें तर ही संवय आधीं बंद करावी लागते. नाहींतर विद्यार्थ्यानें काय लिहिलें होतें हेंच पुसून जातें.

आम्हां शिक्षकांस व पालकांसहि यांत बोध आहे. तिसऱ्या मुलास नुसती फुली मिळाली, तर आपणांस कांहींच येत नाहीं असें तो समजेल. "किंमत बरोबर, संक्षेप राहिला" एवढें लिहिलें, तर तो पुन्हा पेन्सिल उचलील. चुकीचें आणि अपुरें यांतील अंतर ज्यास कळलें, त्यास पुढील पायरी दिसूं लागली.