सुकेळी खिंडीतला आवाज

महाडची वाट आपल्या समाजाला नवी नाही. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून सारेजण पायी महाडला गेले. धरमतरच्या वाटेवरचे मोटारमालक ऐनवेळी अडवतील, ही शंका त्यामागे होती. आज दर २० मार्चला त्याच मुलखातून निळे झेंडे लावलेल्या जीपा, टेम्पो आणि बसगाड्या धावतात. आता काळजी असते ती गाडी पोरा-बाळांसह नीट पोचेल की नाही याची.

एका वर्षी आम्ही अकराजण चेंबूरहून पहाटे निघालो. वर्गणी काढून भाड्याने घेतलेली जुनी डिझेल जीप. गाडी मालकाची, पण चालवायला आमच्या वस्तीतले मामा. उमेदीची वर्षे त्यांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलेली. पनवेल, कर्नाळ्याची खिंड, पेण हे सारे झोपेतच गेले. वडखळला चहा घेतला. तिथे उजवीकडे धरमतर-अलिबागचा रस्ता फुटतो. तो दाखवून आजींनी मुलांना पद्मावती बोटीची हकीकत सांगितली.

नागोठणे मागे पडले आणि सुकेळीचा चढ लागला. साग निष्पर्ण, मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला. मुलांची गाणी रंगात आली होती. इतक्यात मामा म्हणाले, “जरा गप्प बसा रे.” आम्हाला काहीच वेगळे ऐकू आले नाही. त्यांना मात्र इंजिनाच्या ठोक्यात फुस्‌ फुस्‌ असा आवाज लागला होता, आणि गाडीची ओढही कमी झाली होती. पाण्याचा काटा वर सरकत होता. त्यांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन लगेच बंद केले नाही.

मग त्यांनी जी तपासणी केली ती आपल्या ड्रायव्हर बांधवांच्या उपयोगी पडेल. पट्टा सैल झाला तर चिरचिर वाजते, टॅपेट वाजले तर वरून बारीक टकटक येते, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले तर खालून जड ठोका येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी यातले एकेक बाद केले. मग इंजेक्टरच्या पाइपांचे नट पान्याने एकेक करून किंचित ढिले करून पुन्हा आवळले. पहिला ढिला करताच इंजिन अडखळले, चौथ्यालाही अडखळले. दुसऱ्या-तिसऱ्याला काहीच फरक नाही! “शेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले. मधले गॅस्केट फुटले असणार,” मामा म्हणाले आणि इंजिन बंद केले.

रेडिएटरच्या झाकणाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तापलेले झाकण उघडून तोंड भाजून घेतलेले लोक त्यांनी पाहिले होते. अर्ध्या तासाने झाकण काढले, पाणी भरले आणि क्षणभर इंजिन चालवले. पाण्यात बुडबुडे! सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत होता. तेलाची पट्टी काढून पाहिली; तेल काळेच होते. ताकासारखे झाले असते तर पाणी तेलात मिसळले, असे समजायचे.

आमच्यातला एकजण म्हणाला, “पाणी ओतत ओतत माणगाव गाठू.” वेळ जात होता, आजींचा जीव महाडला लागला होता. पण मामा ऐकेनात. हेड वाकले तर लेथवर न्यावे लागते, आणि सिलिंडरात पाणी साचून सेल्फ मारला तर रॉडच वाकतो. शिवाय पोरे गाडीत. मागून येणाऱ्या निळ्या झेंड्याच्या टेम्पोला आम्ही हात केला. ओळख ना पाळख. जयभीम झाला, दाटीवाटीने बायका-मुलांना जागा झाली. त्या टेम्पोतून लोणेरे, दासगाव करत आजी दुपारी चवदार तळ्यावर पोचल्या. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ पाहून नातीने विचारले म्हणे, “इथे मामांसारखे शिकवतात का?” टेम्पोत हशा पिकला. आम्हाला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

मागे राहिलेल्या आम्ही पाचजणांनी जीप दोराने ओढवून कोलाडला नेली. मिस्त्रीने हेड उतरवले तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली पट्टी जळून काळी पडलेली. पोलादी पट्टी आडवी-तिरपी धरून हेड तपासले, वाकले नव्हते. नवे गॅस्केट बसवून मधल्या बोल्टापासून बाहेर, थोडे थोडे करत आवळले. मिस्त्री हात पुसू लागला तरी मामा उठेनात. गॅस्केट जळले का, हे त्यांना हवे होते. रेडिएटर उलटा धुतला तेव्हा गंजाचा चिखल निघाला. कित्येक महिने कुणी साफ केला नव्हता. त्यातला मूठभर गाळ मामांनी कागदात बांधून घेतला.

महाडला पोचायला आम्हाला रात्र झाली. तळ्याच्या पायऱ्यांवर अजून मेणबत्त्या जळत होत्या. आम्ही बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे हात जोडले, ओंजळभर पाणी घेतले.

परतल्यावर मालकाने दुरुस्तीचा अर्धा खर्च वर्गणीतून मागितला. चढावर गाडी ताणली म्हणाला. मामांनी तो कागद त्याच्यापुढे उघडला. आठवड्याभरात वर्गणीचे उरलेले पैसे घरोघर परत गेले.