गांधार उतरवून मिळेल का?

इटलीतल्या अँकोनाहून दक्षिणेकडे निघालेली बस अर्ध्या-पाऊण तासात एका टेकडीवर चढते. वर कास्तेलफिदार्दो गाव. तिथल्या एका छोट्या कारखान्यात ऑक्टोबरमध्ये आठवडाभराची कार्यशाळा आहे आणि त्या आठवड्यात मी एक ऑर्गानेत्तो बांधणार आहे. ऑर्गानेत्तो हा अकॉर्डियनचा साधा, जुना प्रकार. उजव्या हाताला बटणांची एकच रांग, डाव्या हाताला दोन बटणं, मध्ये भाता. आमच्या मार्के प्रांतात आणि शेजारच्या अब्रुत्सोत सालतारेल्लो नाचायचा तर हेच वाद्य लागतं. गेला सगळा उन्हाळा मी त्याच्या तयारीत घालवला.

कारखान्याकडून पत्र आलं त्यात काय करायचं ते स्पष्ट लिहिलं होतं. लाकूड तुम्ही कापाल, भोकं तुम्ही पाडाल, बटणांच्या तारा तुम्ही वाकवाल, झडपांना फेल्ट आणि चामडं तुम्ही चिकटवाल, सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या जिभांच्या पट्ट्या, मेणात तुम्ही बसवाल आणि लावाल. सूर आणि भाता मात्र तयार मिळतील. हे ऐकून पुण्यातल्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, "मग तू वाद्य बांधलंस असं कसं म्हणायचं?"

आपल्याकडे पेटी बनवणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर वर्षानुवर्षं आपल्या पेट्यांमध्ये बसत आले. जर्मनीचे आणि पॅरिसचेही येत, आणि घरात जुनी जर्मन सुरांची पेटी असेल तर आजही पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवली जाते. पेटीवाला सूर विकत घेतो. त्याची कारागिरी असते ती सुरांच्या आजूबाजूला: हवा कुठून आत येते, कुठे अडते, कुठे चोरून निसटते, पट्टी दाबल्यापासून आवाज निघेपर्यंत किती वेळ जातो. सूर तेच, पण एका हातची पेटी बोलते आणि दुसऱ्या हातची नुसती वाजते. अकॉर्डियनचंही तेच आहे, आणि कास्तेलफिदार्दोत तर ही वाटणी गावभर पसरलेली आहे. एक कारखाना फक्त सूर करतो, दुसरा फक्त भाते, तिसरा पट्ट्या. जोडणारा या सगळ्यांकडून माल घेतो आणि नाव लावतो.

हे सगळं या टेकडीवर आलं कसं, त्याची एक गोष्ट इथे सांगतात. अकॉर्डियनचं पेटंट सिरिल डेमियानने व्हिएन्नात १८२९ साली घेतलं. पुढे लोरेतोच्या यात्रेहून परतणारा एक ऑस्ट्रियन यात्रेकरू सोप्रानी नावाच्या शेतकऱ्याकडे रात्रीपुरता उतरला आणि जाताना आपलं वाद्य ठेवून गेला. घरातल्या पाओलो नावाच्या मुलाने ते उघडून पाहिलं. यात्रेकरू खरा की लोकांनी रचलेला, हे ज्याचं त्याने ठरवावं. पाओलो सोप्रानीने १८६३ साली इथे अकॉर्डियन करायला सुरुवात केली, हे मात्र खरं. पुढच्या शंभर वर्षांत या टेकड्यांवरून जगभर वाद्यं गेली. मग १९६०च्या दशकात गिटार आली, इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली आणि मागणी कोसळली. काही कारखान्यांनी स्वतःच इलेक्ट्रॉनिक ऑर्गन काढले. पिंक फ्लॉइडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर रिक राइट वाजवतो तो फार्फिसा ऑर्गन इथल्याच अकॉर्डियन कारखान्यांनी एकत्र येऊन काढलेल्या कंपनीचा.

पण मला या इतिहासापेक्षा त्याचं माणसांमध्ये उरलेलं ज्ञान जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते तयारीच्या निमित्ताने हाती लागलं. परदेशात राहणारा माणूस बहुतेक वेळा खिडकीच्या अलीकडे उभा असतो. परवान्याच्या रांगेत, पोस्टात, दवाखान्यात आपण कागद पुढे सरकवायचा आणि समोरच्याने तपासायचा. सूर घासायला बारीक कानस हवी म्हणून मी एका हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर कशासाठी म्हणून दुकानदाराने विचारलं. मी सांगितलं. तिथे स्क्रू घ्यायला आलेले दोन वृद्ध गृहस्थ लगेच वळले. एकाचे काका सूर लावायचे, दुसऱ्याने स्वतः तरुणपणी काही वर्षं भात्यांवर काम केलेलं. कानस चपटी घ्यावी की अर्धगोल, यावर त्यांचं जुंपलं. मग माझ्या हातात एक चपटी कानस देऊन, ती किती हलकी धरायची हे दोघांनी आळीपाळीने दाखवलं. मी कुठून आले, इथे काय करते, हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते, "पोलादावर कधी हात चालवलाय का?"

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सिन्योरा मूळच्या कास्तेलफिदार्दोच्या. ऐंशी केव्हाच ओलांडली. त्यांची आई कारखान्यातून सुरांच्या पट्ट्यांची पुडकी घरी आणायची आणि रात्रीचं जेवण उरकलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्या मुली चामडं चिकटवायला बसायच्या. ही गोष्ट त्यांनी यापूर्वी कधी सांगितली नव्हती. मी कार्यशाळेला जाणार म्हटल्यावर म्हणाल्या, "हात बघू तुझे." बोटं चाचपून म्हणाल्या, "कोरडे आहेत. जमेल."

त्यांनी शिकवलं ते असं. अकॉर्डियनचा सूर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी, तिच्यात दोन खाचा आणि प्रत्येक खाचेवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पोलादी जीभ. एक जीभ पट्टीच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. भाता दाबला की एक वाजते, ओढला की दुसरी. ज्या खाचेतून त्या वेळी हवा जायला नको ती झाकण्यासाठी काडेपेटीच्या काडीएवढी रुंद चामड्याची पट्टी लावतात. गोंद फक्त एका टोकाला, तोही सुईच्या टोकावर मावेल इतकाच. उरलेली पट्टी हवेबरोबर उघडली-मिटली पाहिजे. "फुंकर घाल," त्या म्हणायच्या, आणि मी तोंड पुढे केलं की थांबवायच्या, "चामड्यावर. सुरावर नाही." श्वासातल्या ओलाव्याने पोलादी जीभ गंजते. चामडं जरा जरी मुरडलं तरी सूर लागताना आधी टपकन आवाज येतो. सिन्योरांच्या जुन्या हातमोज्यांतून कापलेल्या पट्ट्यांवर मी हे करत राहिले. वाद्याच्या दर्शनी भागावर चमचमत्या खड्यांत कारखान्याचं नाव असतं. या टेबलांवर बसलेल्या बायकांचं कुठेच नसतं. मला ते अन्यायाचं वाटतं. सिन्योरांना मी तसं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, आईने बसवलेलं चामडं त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं.

मेणाबद्दल थोडक्यात. मधमाशीचं मेण आणि राळ एकत्र वितळवून सूर लाकडी ठोकळ्यावर बसवतात. राळ कमी पडली तर पकड नाही, जास्त झाली तर मेण ठिसूळ होऊन काही वर्षांनी तडकतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अकॉर्डियन ठेवायचं नाही, हे इथल्या लहान मुलांनाही माहीत असतं.

खरी मेहनत मला कानाची करावी लागली. सांगलीत बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पावसाळ्यात एखादा सूर अडकला की ते पेटी उघडून जिभेच्या कडेने पातळ कागद सरकवायचे, कचऱ्याचा कण निघून जायचा. त्यामुळे मुक्त जिभेचं वाद्य मला परकं नाही. घासण्याचं तत्त्वही दोन्हीकडे एकच: टोकाशी घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पण पेटीत जीभ पितळेची आणि हवा एकाच दिशेने जाते. ऑर्गानेत्तोत दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा. आपल्या भाषेत सांगायचं तर, भाता दाबला की सा, ग, प मिळतात. ओढला की रे, म, ध, नी. म्हणजे दाबताना शेजारशेजारची बटणं एकदम धरली की सा-ग-प एकत्र वाजतात, आणि तिथेच माझा कान अडतो.

अकॉर्डियन समान स्वरांतरांवर लावतात, एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरून. या हिशेबात गांधार ४०० सेंटांवर बसतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३८६ सेंटांच्या जवळचा. सुमारे १४ सेंटांचा फरक. एकेकटा स्वर वाजवला तर तो फारसा जाणवत नाही, पण सा आणि प यांच्यामध्ये दाबून धरला की गांधार थरथरतो. आपल्याकडे पेटीवरचा हा आक्षेप जुना आहे. म्हणूनच काहीजण षड्जाला धरून सूर लावून घेतात, आणि डॉ. विद्याधर ओकांनी तर २२ श्रुतींची पेटीच तयार केली. मी कानाला समजावून पाहिलं. एका जुन्या सुराच्या पट्टीवर, जिभेखाली पोलादाची पातळ पट्टी आधाराला सरकवून, घास देऊन, ट्यूनरवर पाहून ४०० वर आणलं आणि ऐकत बसले. पटलं नाही.

मग कळलं की अमेरिकेत लुइझियानातले केजन लोक आपल्या एकरांगी अकॉर्डियनमध्ये गांधार मुद्दाम उतरवूनच लावतात. वाद्य एकाच पट्टीत वाजणार, तर सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय द्यायची गरजच काय? मला हे शंभर टक्के पटतं. ऑर्गानेत्तोसुद्धा एका पट्टीचंच वाद्य आहे. धीर करून मी कार्यशाळेच्या उस्तादांना लिहिलं, माझा गांधार १४ सेंट उतरवून मिळेल का?

उत्तर दोन दिवसांत आलं. करता येईल, पण शेवटच्या दिवशी. टेबलावर लावलेला सूर ठोकळ्यावर आणि खोक्यात बसला की थोडा सरकतो, तेव्हा आधी सगळं नेहमीसारखं लावायचं, वाद्य बंद करायचं, वाजवायचं आणि मग उतरवायचं. शिवाय प्रत्येक स्वराला सुरांचे दोन संच आहेत, थोड्याशा फरकाने लावलेले, त्यामुळे आवाजाला जो हिंदकळा येतो तो जपूनच दोन्हींना सारखंच खाली आणावं लागेल. आणि डाव्या हाताला विसरू नका, असं त्यांनी खाली अधोरेखित करून लिहिलं होतं. तिथल्या कॉर्डमध्येही गांधार दडलेला आहे. ओढताना तीच जागा निषादाची. उजवीकडचा गांधार उतरला आणि डावीकडचा तसाच राहिला, तर वाद्य स्वतःशीच भांडेल.

म्हणून आता वहीत सगळ्या जिभांचा आराखडा काढला आहे. उजवीकडच्या सप्तकांमधले गांधार, दोन्ही संचांतले; मग साथीतला गांधार, साथीतला निषाद. धैवताचं काय करायचं ते अजून ठरत नाही. ओढताना तो मध्यमाच्या जोडीला वाजणार असेल तर त्यालाही उतरवावं लागेल, आणि मग रिषभाशी त्याचं कसं जमेल, हे लावून ऐकल्याशिवाय समजणार नाही. उस्तादांना पुढचं पत्र त्याबद्दलच लिहायचं आहे.