बंद करता येईल तेवढेच उघडावे

पुणे

चि. ओंकार,

भाड्याच्या खोलीतली कोणती दुरुस्ती विद्यार्थ्याने स्वतः करावी, हे हौसेवर किंवा हुशारीवर ठरत नाही. ज्याचा पुरवठा घरातल्या घरात बंद करता येतो आणि जे पुन्हा पहिल्यासारखे जोडता येते, तेवढेच उघडावे. म्हणून खोली ताब्यात आल्यावर पहिले काम पाहणीचे. मोरी, स्वयंपाकघर आणि संडास यांचे कॉक कुठे आहेत, ते हाताने फिरतात की गंजून बसले आहेत, एमसीबीच्या डबीतला कोणता खटका कशाचा, हे बघून खटक्यांवर चिकटपट्टीने नावे घालावीत. त्याच दिवशी भिंती, नळ आणि खिडक्यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात कुठली दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे बहुधा लिहिलेले असते आणि बहुधा कोणी वाचलेले नसते.

सर्वांत जास्त वेळा बिघडतो तो नळ. तो कुठून गळतो यावर उपाय ठरतो. तोंडातून थेंब पडत असतील तर आतला वायसर झिजलेला असतो. मुठीखालून पाणी येत असेल तर दोष तिथल्या पॅकिंगचा. भिंतीजवळ ओल दिसत असेल तर आट्यांवरची टेफ्लॉन टेप गेलेली असते. आधी कॉक बंद करावा, मग नळ सोडून साचलेले पाणी काढावे आणि मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, कारण नळाचा बारीक स्क्रू नेमका जाळीतूनच जातो. पान्याने वरचा भाग उघडून जुना वायसर काढावा आणि तोच हार्डवेअरच्या दुकानात नेऊन जोडीचा मागावा. अंदाजाने आणलेला वायसर सहसा परत करावा लागतो. आतली पितळी बैठक खरवडलेली असेल तर नवा वायसरही फार दिवस टिकत नाही. अशा वेळी नळच बदलणे बरे. हल्लीच्या पाव-अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज असते आणि ते अख्खेच बदलायचे असते.

नळ बदलताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात लोखंडी पाइप असतील तर मात्र पान्याला हातच लावू नये. गंजलेला आटा भिंतीच्या आत तुटला की वायसरचे काम फरशी फोडण्यापर्यंत जाते.

सिंक तुंबले तर खालच्या बॉटल ट्रॅपखाली बादली ठेवून त्याची वाटी हाताने फिरवून काढावी. अडथळा बहुतेक तिथेच असतो. न्हाणीतल्या जाळीखाली केसांचा गुंता असतो. तो तारेच्या आकड्याने ओढून काढता येतो. ॲसिड ओतण्याची घाई करू नये, आणि ॲसिड व ब्लीच तर कधीच एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर बंद खोलीत येणारी गटाराची दुर्गंधी बहुधा बिघाडाची नसते. ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते आणि वास अडवणारे तेच असते. तांब्याभर पाणी ओतले की काम होते.

विजेच्या कामात मर्यादा अधिक कडक आहे. दिवा, ट्यूब किंवा होल्डर बदलणे, प्लगची निसटलेली तार कसणे, इतकेच विद्यार्थ्याचे. खटका पाडल्यावरही टेस्टर लावून पाहावा, आणि त्याआधी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये तपासून घ्यावा. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असू शकते. सिंगल-पोल एमसीबी एकच तार तोडतो, म्हणून अशा घरात दिवा विझला तरी होल्डरमध्ये करंट राहू शकतो. किटकॅट फ्यूज उडाला तर ठरलेल्या जाडीचीच तार घालावी. जाड तार घातली की फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली वायर जळते. एमसीबी चढवल्याबरोबर पुन्हा पडत असेल तर तो बळाने धरून ठेवण्यात अर्थ नाही, तो त्याचे काम करतो आहे. गिझर, बोर्डाच्या आतली जोडणी आणि मीटर ही वायरमनची कामे.

गॅसच्या बाबतीत दुरुस्ती अशी नसतेच, फक्त तपासणी असते. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून कधीही नाही. नळीवरची तारीख पाहून पाच वर्षांत ती बदलून घ्यावी. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचा कुठलाही खटका न चालवता बाहेर पडावे आणि तिथून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

पावसाळ्यात फुगलेला दरवाजा रंधायची घाई बरेच जण करतात. तोच दरवाजा थंडीत आकसतो आणि फट पडते. तोवर कडेला मेणबत्ती घासणे पुरते. भिंतीची ओल बाहेरून किंवा वरच्या मजल्यावरून येत असते, तिच्यावर आतून रंग मारणे वाया जाते. ती घरमालकाला लेखी कळवावी. खिळ्याची भोके मात्र खोली सोडण्यापूर्वी भाडेकरूनेच भरावीत. सैल पोपडे खरवडून, भोक ओले करून वॉल पुट्टी भरावी आणि सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावी. रंगाचे ठिगळ वेगळे दिसतेच. ते कमी दिसावे म्हणून पूर्ण भिंत रंगवायची की नाही, हे डिपॉझिटच्या रकमेकडे पाहून ठरवावे. बदललेले जुने नळ आणि होल्डर पिशवीत जपून ठेवावेत, म्हणजे जाताना स्वतःच्या पैशाचे नवे काढून जुने बसवता येतात.

तुझा
मामा