नारायणगावची रोपं आणि तुमची कुंडी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात की साधारण ७५ किलोमीटरवर नारायणगाव येतं. मीना नदीकाठचं हे गाव तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध. शिवनेरीही इथून जवळच. पण तुमच्या बाल्कनीत एखादी कुंडी रिकामी असेल, तर गडावर जाण्याआधी इथल्या रोपवाटिकेत जरूर डोकावा.

इथला टोमॅटोचा बाजार राज्यभर नावाजलेला. हंगामात क्रेटच्या थप्प्याच थप्प्या! पण त्या क्रेटची तयारी तीन महिने आधी शेडनेटच्या सावलीत सुरू होते. कोकोपीट भरलेल्या ट्रेच्या प्रत्येक खळग्यात एकच बी. आठवडाभरात कोंब, २५ ते ३० दिवसांत रोप तयार. पुढे भाव काय मिळेल, ते शेतकऱ्याच्या हातात नसतं. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. भाव पडले की तोच रस्त्यावर ओतायची वेळ येते. त्याच्या हाती उरते ती फक्त लागवडीची वेळ.

तुमची शर्यत मात्र उन्हाशी आहे. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात, फळ धरत नाही. रोप कुंडीत लावल्यापासून पहिलं फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणजे महाराष्ट्रात असाल तर बी डिसेंबरमध्येच पेरा. दिल्ली-लखनौकडे राहत असाल तर डिसेंबरात घराच्या उबेत रोपं करा आणि कडाका ओसरला की बाहेर लावा. बंगळुरूकरांना एवढी घाई नाही.

ट्रे नसेल तर तळाला भोक पाडलेले कागदी कप चालतील. बी अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरा, माती फक्त ओलसर ठेवा. कोंब दिसताच कप उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबुळकी होतात. पांढऱ्या माशीपासून जपायला वर बारीक जाळी घाला. तिच्यामुळेच पानं मुरडणारा विषाणू पसरतो. लावण्याआधी आठवडाभर रोपाला रोज थोडं जास्त ऊन दाखवा आणि कुंडीत खोल लावा, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

मार्चमध्ये घरचा टोमॅटो कोशिंबिरीत पडला, की बाजारातला भाव विचारताना तो पिकवणाराही तुम्हाला नक्की आठवेल.