१.४ की १४? आपोआप पाठवलेल्या रिपोर्टची गोष्ट

आज आजाराबद्दल नाही, कागदाबद्दल लिहितो. तुमच्या रक्ताचा रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात कसा पोचतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? मीही करत नव्हतो. २००९ साली दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्यामुळे करायला लागलो.

त्या वर्षी माझ्या अमरावतीच्या दवाखान्यात संगणक येऊन दोन वर्षं झाली होती. रिपोर्ट संगणकात तयार व्हायचे, मग त्यांची प्रत काढायची, ती फॅक्स मशीनमध्ये घालायची आणि पलीकडचा नंबर लागेपर्यंत उभं राहायचं. विम्याच्या कॅशलेस मंजुरीचे अर्जही तेव्हा फॅक्सनेच जायचे आणि उत्तर येईपर्यंत पेशंटचे नातेवाईक माझ्या काउंटरवर टेकून असायचे. ह्यातून सुटका म्हणून संगणकानेच थेट फॅक्स करावा असं ठरवलं. दोन पर्याय होते. एक, संगणकाला मोडेम लावून आपल्याच फोनलाइनवरून पाठवायचं. दुसरा, रिपोर्ट ईमेलने एका कंपनीकडे धाडायचा आणि तिने तो पुढे फॅक्स करायचा. दुसऱ्यात कटकट कमी होती, पण तुमचा रिपोर्ट तिसऱ्याच्या संगणकातून जाणार हे मला पटलं नाही. मी मोडेम घेतला. दिवसभरातले सगळे रिपोर्ट रात्री ८ वाजता आपोआप सुटतील अशी व्यवस्था केली आणि फार हुशारी केल्यासारखा घरी जेवायला जाऊ लागलो.

त्या शेतकऱ्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन अकोल्याला ठरलं होतं, कारण लेक तिथे दिलेली. तपासण्या माझ्याकडे झाल्या, रिपोर्ट अकोल्याला गेला. रात्री १० वाजता मुलाचा फोन.

"डाक्टरसाहेब, बुढ्याची किडनी गेली म्हन्ते. डायलिसिस लागते म्हन्ते. नागपूरले नेतो आता. वाचन का जी?"

मला काही कळेना. सकाळीच मी तो रिपोर्ट पाहिला होता. क्रिएटिनिन १.४, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित जास्त. अकोल्याच्या कागदावर मात्र होतं १४.

टिंब वाटेत हरवलं होतं. कसं, ते समजून घ्या. फॅक्स अक्षरं पाठवत नाही, तो पानाचे काळे-पांढरे ठिपके करून पाठवतो. साध्या सेटिंगवर एका इंच उंचीत फक्त ९८ ओळी बसतात, बारीक सेटिंगवर साधारण १९६. आमच्या रिपोर्टचं अक्षर इतकं लहान होतं की त्यातलं टिंब जेमतेम एक-दोन ओळींचं. फोनलाइनवर खरखर झाली, तेवढी ओळ बिघडली, टिंब गेलं. युरिया दुसऱ्या पानावर होता आणि तो ठीक होता. ते पान दिसलं असतं तर कुठल्याही डॉक्टरला शंका आली असती. पण पलीकडच्या मशीनचा कागद संपला होता.

माझ्या संगणकावर मात्र हिरव्या अक्षरात लिहिलं होतं, 'यशस्वीरीत्या पाठवले'. ह्या शब्दांचा अर्थ एवढाच की पलीकडच्या मशीनने आपलं पान घेतलं. ते कुणी वाचलं का, बरोबर वाचलं का, हे त्यात नसतं.

पेशंट नागपूरला गेला नाही. मुलाने मात्र दोन तासांत घरात भरलेला कापूस व्यापाऱ्याला पडत्या भावात बोलून टाकला होता, इसारही घेतला होता. शब्द फिरवला नाही त्यानं. नुकसान किती झालं ते मी विचारलं, त्यानं सांगितलं नाही. चूक अकोल्याच्या डॉक्टरांची नव्हती. सेटिंग माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सेटिंग बारीक केलं, अक्षर मोठं केलं, प्रत्येक पानावर पेशंटचं नाव आणि 'पान १, एकूण २' असं टाकलं. आकड्याशेजारी त्याच ओळीत एकक आणि नेहमीची मर्यादाही. मुख्य म्हणजे आपोआप जातील ते फक्त मर्यादेतले रिपोर्ट. त्याबाहेरचा आकडा आधी माझ्यासमोर येईल, मी फोन करीन आणि पलीकडच्याने तो आकडा मला परत वाचून दाखवायचा. एचआयव्हीचा रिपोर्ट तर यंत्राच्या हवाली कधीच करायचा नाही. कुणाच्या टेबलावर तो कागद पडेल, सांगता येत नाही. पुढे २०१७ च्या कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारकच केलं.

आता माझ्याकडे फॅक्स नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ च्या जानेवारीपासून नवी मशीन घेणं थांबवलं. जपानमध्ये मात्र २०२० च्या वसंतापर्यंत कोरोनाच्या केसेस डॉक्टर हाताने लिहून फॅक्स करत होते, तेव्हा आपण फार मागे होतो असं समजू नका. विम्याचंही बदललं आहे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. अर्ज किती वाजता गेला हे काउंटरवर विचारून लिहून ठेवा. तो तास तिथून मोजला जातो.

पण 'आपोआप' संपलेलं नाही, उलट वाढलं. लॅबचा रिपोर्ट तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतो तोही संगणकच पाठवतो. टिंब आता सहसा हरवत नाही. हरवतो तो माणूस. नोंदणीच्या वेळी पुतण्याचा नंबर दिलेला असतो, तो पुण्याला असतो, आणि म्हाताऱ्याचं पोटॅशियम त्याच्या मोबाइलमध्ये न वाचता पडून राहतं. म्हणून नंबर देताना जो रोज घरी असतो त्याचा द्या, आणि लिहिलेला नंबर वाचून दाखवायला सांगा. रात्रीपर्यंत रिपोर्ट आला नाही तर 'ठीकच असेल' असं समजू नका, फोन करा. जुने गुळगुळीत कागदावरचे फॅक्स अजून जपून ठेवले असतील तर त्यांच्या झेरॉक्स काढा, तो कागद उष्णतेने आणि काळाने कोरा पडतो.

ते दर्यापूरचे बाबाजी अजून येतात. ऑपरेशन महिन्याभरात नीट झालं. क्रिएटिनिन मागच्या खेपेस १.६ होतं. पिशवीतून रिपोर्ट काढला की आकड्यांच्या मधोमध बोट ठेवून आधी मला विचारतात, "टिंब हाय न जी?"