खजिना कुठे होता, ते महत्त्वाचं

सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांनी कोडमध्ये करून ठेवलेले घोळ शोधायचे आणि शनिवारी परत रहस्यकथाच वाचायच्या, कमाल आहे बाबा तुझी... हे मला घरी नेहमी ऐकावं लागतं. मुद्दा बरोबर आहे, पण व्यसनाला इलाज नाही. त्यातही रक्ताचे सडे, सीरियल किलर वगैरे प्रकार मला झेपत नाहीत. इंग्रजीत ज्याला 'कोझी मिस्टरी' म्हणतात तसलं काहीतरी लागतं. खून झालाच तर पडद्यामागे, हाणामारी बेताची, माणसं ओळखीची, मधूनमधून खाणंपिणं आणि शेवटी सगळा उलगडा. त्यात एखादं जुनं कोडं, कुठेतरी लपवलेलं धन आणि थोडा इतिहास असला की मग फोन सायलेंटवर!

या जातीची आपल्याकडची सगळ्यात भारी मालिका म्हणजे सत्यजित राय यांचा फेलूदा. पहिली कथा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात आली. हे मासिक राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, १९१३ मध्ये सुरू केलं होतं. ते बंद पडलं आणि १९६१ मध्ये राय यांनी पुन्हा चालू केलं. मुलांसाठी लिहायचं म्हटल्यावर भानगडी, लफडी, भडक काही चालणार नाही. मग उरतं काय? प्रवास, कोडी, जुन्या वस्तू, जुनी घरं. त्या बंधनातूनच फेलूदाची सगळी मजा आली असं माझं मत आहे. १९९२ मध्ये राय गेले तोपर्यंत ३५ कथा पूर्ण झाल्या होत्या. मराठीत अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत. बंगाली येत नाही ही सबब चालणार नाही :)

फेलूदा म्हणजे प्रदोष मित्तर, राहणार २१, रजनी सेन रोड, कोलकाता. गोष्ट सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे. तिसरे लालमोहनबाबू ऊर्फ जटायू, धडाकेबाज कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक. यांच्या पुस्तकांत माहितीच्या चुका इतक्या, की उंट तहान कशी काढतो इथपासून फेलूदाला दुरुस्त्या सुचवाव्या लागतात. आणि चौथे माझे सगळ्यात लाडके, सिधू ज्याठा. हा माणूस घरात बसून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवतो. फेलूदा अडला की त्यांच्याकडे जातो. म्हणजे सर्च इंजिनच, फक्त आधी चहा घ्यावा लागतो आणि रिझल्ट गप्पा मारता मारता येतो.

आता खजिन्याच्या गोष्टींकडे येऊ. (शेवट फोडणार नाही, घाबरू नका.) 'रॉयल बेंगाल रहस्य'मध्ये उत्तर बंगालच्या जंगलाजवळचं एक जमीनदार घराणं आहे. आजोबांनी एक कोडं लिहून ठेवलंय आणि नातवाला ते सुटत नाही. 'समाद्दारेर चाबी'मध्ये एक म्हातारा संगीतवेडा मरताना किल्लीबद्दल काहीतरी पुटपुटतो. तुम्हाला सारेगम येत असेल तर वाचताना फायदा होईल, एवढंच सांगतो. 'बादशाही अंगठी'मध्ये लखनौ आणि औरंगजेबाची अंगठी. 'गोरस्थाने सावधान'मध्ये पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी. १७६७ मध्ये सुरू झालेली ही जागा खरी आहे. एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे विल्यम जोन्स तिथेच पुरलेले आहेत.

या गोष्टी ओळीने वाचल्या की एक पॅटर्न दिसतो. खलनायकाला नेहमी वस्तू हवी असते. फेलूदाला वस्तूमागचा माणूस हवा असतो. हे कुणी लपवलं, कशासाठी, आणि कुणाला सापडावं म्हणून? कोडं लिहिणाऱ्याने पुढे कधीतरी एक हुशार वाचक येईल असं धरूनच ते लिहिलेलं असतं. नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या भल्या माणसाने कोडमध्ये नीट कॉमेंट लिहून ठेवलेली सापडावी ना, अगदी तसं. 'सोनार केल्ला'त तर बदमाश लोक एका लहान मुलाच्या पूर्वजन्मीच्या आठवणींवर विसंबून हिऱ्यामोत्यांमागे धावतात. आणि सोन्याचा किल्ला म्हणजे जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला! बघणाऱ्याला सोनं, लुटणाऱ्याला दगड.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र 'कैलासे केलेंकारी'. १९७३ ची ही कादंबरी आणि तिचा मोठा भाग आपल्या वेरूळला घडतो. भुवनेश्वरच्या राजाराणी देवळातल्या एका यक्षीचं डोकं फोडून विकलं जातं, आणि फेलूदा ते शोधत औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) पोचतो. इथे सोनंनाणं काहीच नाही, वालुकाश्माचा एक तुकडा आहे. तरी फेलूदा इतका चिडलेला फार कमी वेळा दिसतो. आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, आपल्याकडे पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला होता. म्हणजे राय हवेतलं लिहीत नव्हते. आणि हा धंदा थांबलेला नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंधनच्या देवळातून चोरलेला चोळकालीन नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकन डॉलर मोजून घेतला. त्याच्या पूर्वीच्या मालकीचे कागद खोटे निघाले आणि २०१४ मध्ये तो भारतात परत आला.

आमच्या भाषेत सांगायचं तर मूर्ती जागेवरून उचलली की जॉइन तुटतो. रेकॉर्ड शिल्लक राहतो, पण तो कशाशी जोडलेला होता ते कायमचं जातं. कुठलं देऊळ, कुठली भिंत, शेजारी कोण, समोर कोण... काही कळत नाही. मग उरते फक्त किंमत.

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं, पण माझ्या आजोळी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. देवळामागे दोन वीरगळ होते. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. आमच्या दगडांवर अक्षर एकही नाही. त्यामुळे तो वीर कुणासाठी लढला याचा असलाच तर एकच पुरावा, तो दगड कुठे उभा आहे हा. आणि ठरलं होतं काय, तर ते नव्या ओट्याच्या पायऱ्यांना वापरायचे!

मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

मामा म्हणाले, "आरं, त्या दगडात काय सोनं गाडलंय व्हय?"

मग मी त्यांना वेरूळची गोष्ट सांगितली. यक्षी, फेलूदा, सगळं. मामांनी तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग घावलं का डोकं?" म्हटलं, ते पुस्तकात वाचा. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः टेप धरायला आले. दोन्ही दगडांची मापं घेतली, फोटो काढले, देवळाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर आणि तोंड कुठल्या दिशेला तेही लिहिलं. शेवटी मामांनी कमिटीत शब्द टाकला आणि एक वीरगळ होता तिथेच राहिला. दुसरा मी पुढच्या खेपेला जाईपर्यंत पायरीत बसला होता, कोरीव बाजू खाली. आता त्याच्यावरून लोक चपला काढून देवळात जातात. त्याची जागा फक्त मामांच्या वहीत आणि माझ्या लॅपटॉपवर आहे.

तर मंडळी, फेलूदा वाचा. सुरुवात 'सोनार केल्ला'पासून करा, मग वेरूळ. आणि तुमच्या गावात देवळामागे, पाराखाली असा एखादा दगड असेल तर त्याचा फोटो काढताना थोडं मागे सरका आणि आजूबाजूचं सगळं फोटोत येऊ द्या.